फळीवरची भरती

१

सकाळी आठाचे ठोके पडले की घड्याळजी दोन गोष्टी मोजत. आधी बायकोची नाडी, मग समुद्राचं वजन.

नाडीसाठी ते पलंगाच्या कडेला बसत, तिचं मनगट तीन बोटांत धरत आणि खिशातल्या घड्याळाचा सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारेपर्यंत ओठ न हलवता मोजत. आकडा वहीच्या डाव्या पानावर जाई. मग उठून समोरच्या भिंतीपाशी. तिथे जाड हुकाला गोल तबकडीचा लटकता वजनकाटा अडकवलेला होता आणि त्याला चार फूट लांब, अडीच फूट उंच फळी टांगलेली होती. फळीवर समुद्र होता. त्याचं वजन उजव्या पानावर जाई.

"काय म्हणतोय आज?" बायको विचारायची.

"तू छप्पन. तो बारा किलो दोनशे."

"म्हणजे दोघंही उतरलो."

"तो वाळतोय. वाळायलाच हवा."

"मी तरी दुसरं काय करतेय," ती म्हणायची आणि लगेच हसायची, म्हणजे नवऱ्याला रागवायची सोय राहायची नाही.

बायको समुद्राकाठी वाढलेली. लग्न करून आली ती थेट या कोरड्या शहरात, जिथून समुद्र दीड दिवसाच्या प्रवासावर. घड्याळजींनी तर तो आयुष्यात पाहिला नव्हता. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ," असं त्यांनी अठ्ठावीस वर्षं मनापासून सांगितलं होतं आणि अठ्ठावीस वर्षं दुकानात कुणाचं ना कुणाचं घड्याळ उघडं पडलेलं होतं. मग चार महिन्यांपूर्वी तिच्या हृदयानं हात टेकले. पायांतलं बळ गेलं. डॉक्टर म्हणाले, प्रवास विसरा. नाडीवर लक्ष ठेवा. पन्नासच्या खाली गेली तर मला बोलवा, चाळीसच्या खाली गेली तर... पुढचं वाक्य त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं.

त्याच आठवड्यात घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं. बायको समुद्राकडे जाऊ शकत नाही ना, ठीक आहे. चाळीस वर्षं बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे काही फार अवघड वाटलं नाही.

२

हवेत सुकणाऱ्या मातीची पाकिटं त्यांनी कलासाहित्याच्या दुकानातून आणली. भट्टी नको, काही नको. मळायची, घडवायची, सुकू द्यायची. दुकानदारानं पाकिटं बांधता बांधता एकच गोष्ट दोनदा बजावली. "काका, आत ओल असताना वरून व्हार्निश मारू नका. ओल कोंडली की काम बिघडतं."

"किती दिवसांत वाळते?"

"ते मातीला विचारा."

मातीला विचारायची रीत घड्याळजींनी स्वतः शोधली. तुकडा घडवला की तोलायचा आणि मग रोज त्याच वेळी तोलायचा. पाणी उडत जातं तसं वजन उतरत जातं. सलग दोन दिवस वजन सारखं भरलं की वाळला. पहिले चार शंख घाई करून उन्हात ठेवले, ते तडकले. पुढचे सत्तर तुकडे ओल्या फडक्याखाली सावकाश सुकवले. त्यांतला एकही तडकला नाही.

दुकानातली भंगाराची बरणी कामाला आली. घड्याळांच्या गोल काचा बुडबुडे झाल्या. तुटक्या स्प्रिंगांची वेटोळी शेवाळ झाली. बारीक दातेरी चक्र ओल्या मातीवर फिरवलं की माशाच्या अंगावर खवले उठत. बँडेजची जाळीदार पट्टी पातळ मातीत बुडवून चुरगळली की फेस. वाळू बांधकामावरून मूठभर आणली, तीनदा चाळून.

बायको पलंगावरून मुकादमी करायची.

"अहो, ही लाट आहे की दाढीचा फेस?"

"चित्रात अशीच असते."

"चित्र काढणाराही तुमच्यासारखाच दुकानात बसलेला असणार. लाट उभी नसते, ती येत असते. जरा वाकवा."

ते वाकवायचे.

तिच्याच सांगण्यावरून डाव्या कोपऱ्यात पायऱ्या आल्या. तिच्या माहेरच्या घरामागे होत्या, सरळ पाण्यात उतरणाऱ्या.

"किती होत्या?"

"कुणी मोजल्यात? ओहोटीला जास्त दिसायच्या, भरतीला कमी."

असं मोघम उत्तर घड्याळजींना चालत नसे. त्यांनी सात केल्या, नखाएवढ्या, आणि चरे पाडून, पातळ मातीचा लेप लावून फळीला पक्क्या बसवल्या. शेवटी रंग. तीन दिवस खपून त्यांनी निळ्याच्या पाच छटा कालवल्या. फळी भिंतीला लागली तेव्हा बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हं."

"हं म्हणजे?"

"छान झालाय. निळा झालाय."

"मग असतो कसा?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं. "सांगता नाही येत हो. बघायला लागतं."

३

जोडकामाची माती आणि गोंद ओला होता, म्हणून आता सगळी फळीच रोज तोलायची. आठवडाभर वजन शिस्तीत उतरलं. बायकोची नाडीही उतरली, पण त्याचा आणि याचा संबंध नव्हता. आठव्या दिवशी काटा आदल्या दिवसाच्याच रेघेवर आला, अकरा किलो सहाशे. नाडी एक्कावन्न, तीही कालच्याइतकीच. घड्याळजींनी उजव्या पानावर ठसठशीत लिहिलं: वाळलं. व्हार्निशचा डबा काढून ठेवला.

नवव्या दिवशी ब्रश हातात घेऊन त्यांनी सवयीनं काट्याकडे पाहिलं. अकरा किलो सातशे.

त्यांनी तबकडीला टिचकी मारली. फळी उतरवून काट्यावर दोन किलोचं माप टांगलं. बरोबर दोन. फळी पुन्हा टांगली. अकरा सातशे.

"मावशी, काल इथे पाणी सांडलं का?"

बायकोचं न्हाणं-धुणं करायला सकाळी मावशी येत. त्यांना बोलायला निमित्त लागत नसे. "मी? मीच तुम्हाला विचारणार होते. फळीखालची लादी रोज ओली असते. आणि काय हो हे पाणी, फडकं वाळलं की पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. वर पांढरी पांढरी भुकटी."

"माती सोडते तसली."

"सोडू दे. पण मग वजन वाढतंय कसं?" मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन निघून गेल्या. घड्याळजींना राग आला तो मावशींचाच.

दुसऱ्या दिवशी वजन आणखी वाढलं. आणि वही मिटताना प्रथमच त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली. आठवडाभर दोन्ही आकडे बरोबर उतरले होते. आठव्या दिवशी दोन्ही थांबले होते. आता दोन्ही चढत होते.

४

घड्याळ दिवसातून एकदा बघून ते पुढे धावतं की मागे पडतं हे कळत नाही. अकराव्या दिवशी घड्याळजी खुर्ची टाकून फळीसमोर बसले आणि दर अर्ध्या तासानं नोंद करत गेले.

काटा पावणेअकरापर्यंत उतरला. मग जरा थबकला आणि चढू लागला. पाचच्या सुमारास पुन्हा थबकला आणि परत फिरला. फळीवर ओलीची एक गडद रेघ होती, नीट बघितल्याशिवाय न दिसणारी. काट्याबरोबर तीही वर गेली आणि खाली आली. बाराव्या दिवशी हेच सगळं झालं, फक्त पन्नास मिनिटं उशिरा. तेराव्या दिवशी आणखी पन्नास मिनिटं उशिरा.

घड्याळजींना भीती वाटली का? खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं ते समाधान. जे नेमानं उशिरा येतं त्याच्यामागे यंत्र असतं. यंत्र म्हटलं की ते आपल्या प्रांतातलं.

"अगं, ही फळी रोज पन्नास मिनिटं मागे पडते," त्यांनी बायकोला सांगितलं.

ती उशीवर जराशी वळली. तिला मुळीच नवल वाटलेलं दिसलं नाही. "भरती आहे ती. रोज तेवढीच उशिरा येते. आम्ही लहानपणी त्यावर शाळेत जायची वेळ ठरवायचो."

"मातीत कुठली भरती?"

"ते तुम्हाला ठाऊक. तुम्ही केलाय."

त्या दिवशी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून पायऱ्या बघितल्या. पाणी चढलेलं असताना तीन दिसत होत्या, बाकीच्या ओलीच्या रेघेखाली काळवंडलेल्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या ऐन टोकाला पुन्हा बघितल्या. कोरड्या, स्वच्छ. त्यांनी मोजल्या. भिंग पुसलं आणि चिमट्याचं टोक एकेकीवर ठेवत पुन्हा मोजल्या.

नऊ होत्या.

शेवटच्या दोन जास्त झिजलेल्या होत्या, मध्ये खोलगट, खूप वर्षं पाय पडल्यासारख्या.

त्यांनी वहीत तसं लिहिलं. कारणाची जागा मोकळी सोडली.

५

आता ते नाडीही दिवसातून आठ-दहा वेळा मोजू लागले. शंका उरली नाही. भरतीला साठ, बासष्ट. ती गप्पा मारायची, चहा मागायची, पायाची बोटं हलवून दाखवायची. ओहोटीला तिचे ओठ पांढुरके पडत, आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा येई. आणि प्रत्येक ओहोटी मागच्या ओहोटीपेक्षा दोन पावलं पुढे जात होती. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. एक्केचाळीस झाली तेव्हा डॉक्टर आले, इंजेक्शन देऊन गेले, आणि दारात घड्याळजींच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. तो हात डॉक्टरांनी जरा जास्तच वेळ ठेवला.

घड्याळजींनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. फळी खाली काढून फेकायची? मग भरतीही गेली. मग तिला वर कोण आणणार? पण यंत्र थांबवता येतं. आणि थांबवायचंच तर ते कुठल्या क्षणी थांबवायचं हे कारागिराच्या हातात असतं. उद्याची भरती सकाळी अकरा वीसला. त्या क्षणी फळी सगळीकडून बंद केली की पाणी आत राहील. ओहोटी लागणारच नाही.

दुकानदाराचं म्हणणं त्यांना आठवत होतं. पण दुकानदार शंख-शिंपल्यांबद्दल बोलत होता.

मागची बाजू आणि कडा त्यांनी त्याच संध्याकाळी व्हार्निशनं बंद केल्या. दुसऱ्या दिवशी अकराला रुंद ब्रश घेऊन उभे राहिले. बायको उशांना टेकून बसली होती, गाल चांगले रंगलेले.

"अहो, नका करू हे."

"तुला बरं वाटतंय ना आत्ता?"

"खूप."

"मग असंच राहील."

"पाण्याला परत जायला वाट ठेवा हो थोडी. एवढं ऐका."

"तू लाटांचं सांग, बंद करायचं काम माझं," घड्याळजी हसून म्हणाले. अकरा वीसला काटा थबकला. त्यांनी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि बारा मिनिटांत पहिला लेप पुरा केला. तासाभरानं दुसरा. मग तिसरा.

सहा तासांनी, ओहोटीच्या वेळी, काटा होता तिथेच होता. बायको चमच्यानं खिमट खात होती, स्वतःच्या हातानं.

"वाढा अजून," ती म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी ती उठून उभी राहिली. मावशींच्या हातातला तांब्या पडला. "अगं बाई! काल बाईंना मी कुशीवर वळवत होते!" आणि मग घड्याळजींकडे वळून, "काय दिलंत हो? मलाही द्या, माझे गुडघे गेलेत."

घड्याळजी नुसते हसले. त्या दिवशी नाडी मोजायचं राहून गेलं. समोर चालणाऱ्या माणसाचं मनगट कशाला धरायचं?

दुपारी त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक लंगडी ऐकू आली. टिक आणि टक यांमधलं अंतर सारखं नव्हतं. एक लांब, एक आखूड. घड्याळ तिरकं टांगलं की असं होतं. त्यांनी पातळी लावून बघितली. घड्याळ सरळ होतं. त्यांनी लंबक हातानं थांबवला आणि सोडून दिला. तो सरळ खाली लोंबायला हवा होता. तो एक बोटभर बाजूला लोंबत राहिला, फळीच्या भिंतीकडे.

घर खचत असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. जुन्या इमारती खचतात. पण घर खचलं तर पातळीतला बुडबुडा सरकायला हवा होता, आणि तो मधोमध होता.

तिसऱ्या दिवशी लंबक दोन बोटं कलला. पेल्यातलं पाणी एका कडेला चढलेलं दिसलं. मावशी लादी पुसता पुसता थांबल्या.

"काका, इतके दिवस या खोलीतलं पाणी मोरीकडे जायचं. आज बघा कुठे जातंय."

पाणी पलंगाखालून निघालं होतं आणि सरळ फळीखाली जाऊन भिंतीला चिकटून उभं होतं.

"आणि बाईंचं अंग पुसलं सकाळी," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "कातडी कशी ताणलेली लागते हाताला. बोट दाबलं तर खळगा पडत नाही. चांगलं असेल, मला काय कळतंय. पण मी उद्यापासून बाहेरच्या खोलीचंच काम करीन."

खोलीत कसलाही आवाज नव्हता. लंगडी टिकटिक तेवढी. आणि फळीला कान लावला तर आत, खूप खोल, कुणीतरी श्वास घेऊन तो सोडायचा विसरल्यासारखी शांतता.

बायको खुर्ची ओढून फळीसमोर बसली होती. तिला झोप येत नव्हती. भूकही लागत नव्हती, खिमटाचा शेवटचा चमचा संपल्यापासून.

७

पाचव्या दिवशी आठाचे ठोके पडले, तेही लंगडत. घड्याळजींनी वही उघडली. उजव्या पानावर तीन दिवस एकच आकडा. डाव्या पानावर तीन जागा कोऱ्या. चाळीस वर्षांत त्यांच्या वहीत अशी कोरी जागा राहिली नव्हती. आणि आता त्यांना कळलं, की ती राहून गेलेली नव्हती, त्यांनी ती सोडली होती.

"हात दे."

"राहू द्या ना आज."

"हात दे म्हणतो ना."

तिनं दिला. मनगट ऊबदार होतं, गुलाबी होतं, भरलेलं होतं. सेकंदकाट्यानं एक फेरी पुरी केली. दुसरी केली. त्यांनी दुसरं मनगट धरलं. मग मानेला बोटं लावली. तिसरी फेरी संपली.

तिनं विचारलं नाही, किती.

"केव्हापासून?" त्यांचा आवाज शांत होता.

"अकरा वीसपासून. मला वाटलं आज मोजाल, उद्या मोजाल. मग म्हटलं, नाही मोजलंत तर बरंच. तुम्ही इतके खूश होतात."

"दुखतंय?"

"दुखत नाही हो. भरून आलंय नुसतं. आणि पुढे काही होतच नाही."

घड्याळजी उठले आणि अवजारांच्या पेटीतून पातळ पात्याची सुरी आणि डोळ्याचं भिंग घेऊन आले. आपल्या हातून बिघडलेलं घड्याळ त्यांनी कधी दुसऱ्याकडे पाठवलं नव्हतं.

"उघडलं की ओहोटी लागेल," ते म्हणाले. "सात अडलेल्या आहेत, आठवी चालू आहे. एकदम लागेल."

"ठाऊक आहे. मला धराल ना थोडा वेळ?"

"धरायचं काय. बरोबर येतोय."

"पुढच्या वर्षी?" तिनं विचारलं, आणि तिच्या डोळ्यांत तो जुना खट्याळपणा होता.

"आत्ता."

त्यांनी डाव्या हातात तिचं मनगट घट्ट धरलं. उजव्या हातानं पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी, जिथे व्हार्निश सगळ्यात जाड बसलं होतं, पातं टेकवलं आणि सालपटाची एक बारीक पट्टी सोलून काढली. भिंतीवरचं घड्याळ थांबलं. पडदा फळीकडे उडाला आणि तसाच उडालेला राहिला. फटीतून ओल्या दगडाचा गार वास आला. तो वास घड्याळजींच्या ओळखीचा नव्हता. बायकोनं मात्र डोळे मिटून तो आत ओढला.

भिंग लावून त्यांनी फटीशी डोळा नेला. पायऱ्या उघड्या पडत होत्या. सात. नऊ. पुढे बऱ्याच. आणि शेवटच्या पायरीपलीकडे.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

पाच छटा कालवल्या होत्या त्यांनी. तीन दिवस.

"निळा नाहीये," ते म्हणाले. "कुठेच नाहीये."

"मग?"

घड्याळजींनी तोंड उघडलं, मिटलं. "सांगता नाही येत."

डोक्यावर वजनकाटा उतरत होता. बारा किलो, अकरा, नऊ. नुसत्या फळीच्या वजनाशीही तो थांबला नाही. घड्याळजींनी तिकडे बघितलं नाही. त्यांच्या मुठीत तिचं मनगट होतं, फळीच्या दिशेनं ओढलं जाणारं, आणि त्या मनगटात, बोटांखाली अगदी स्पष्ट, एक ठोका पडला.

सवयीनं त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक.